म्हशी बघून काढलेला देवमासा

समुद्र दीडशे किलोमीटरवर असताना हा माणूस डायनिंग टेबलावर बसून देवमासे कशाला रंगवतोय, हा आमच्या घरातला सध्याचा मोठा प्रश्न आहे. प्रश्न बायकोचा आहे आणि खरं सांगायचं तर बरोबरच आहे. मी आजपर्यंत देवमासा पाहिलेला नाही, जिवंत नाही आणि मेलेलाही नाही. डॉल्फिन तेवढे पाहिलेत मालवणला, ते पण लांबून, पाठ दिसली म्हणेपर्यंत गायब. तरी माझ्या वहीत आत्तापर्यंत अकरा पानं देवमाशांची झालीत, त्यातली सात टाकाऊ, दोन बरी, आणि दोन अशी की घरी पाहुणे येणार असले की मी वही मुद्दाम त्याच पानावर उघडी टाकतो.

वही म्हणजे प्रवासाची वही. ए-फाइव्ह साइज, जाड कागद, कुठं गेलं की तिथलं काढायचं आणि बाजूला तारीख, हवा कशी होती, काय खाल्लं, असलं काहीबाही लिहायचं. पन्हाळ्याचा तीन दरवाजा आहे, खिद्रापूरचे खांब आहेत, दाजीपूरला लांबून दिसलेला गवा आहे (तो दगडासारखा दिसतोय, पण गवाच आहे). लोक याला नेचर जर्नल म्हणतात, मला तसं म्हणायला जरा लाजच वाटते, मी फौंड्रीतला ड्राफ्ट्समन माणूस, दिवसभर कास्टिंगची ड्रॉइंग बघणारा. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, बास.

सुरुवात झाली २०२३ च्या दिवाळीत. पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून आणतात हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, शिंगांना रंग, रिबिनी, मोरपिसं, आणि सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटरसायकलमागनं म्हैस पळवायची. मी गर्दीत वही घेऊन उभा, म्हैस काही एका जागी थांबत नाही, आणि तेवढ्यात मेहुण्यानं व्हॉट्सॅपवर व्हिडिओ टाकला. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू येऊन अडकलंय. वाळूत पडलेलं, लोक ओलं कापड टाकतायत, बादल्यांनी पाणी मारतायत, वनखात्याची माणसं, कोस्टगार्ड, गावकरी, सगळे त्याला परत पाण्यात ढकलायच्या खटपटीत. मी म्हशी सोडल्या आणि फोनच बघत बसलो.

रात्री दोस्ताला फोन केला. म्हणलं उद्या पहाटे निघायचं का. तो म्हणला, "उद्या भाऊबीज हाय भावा, ताई खवळंल." म्हणलं संध्याकाळपर्यंत परत येतोय की. तर भाऊबिजेला पहाटे पाचला निघालो, आंबा घाटात धुकं, साखरप्याला चहा, पालीवरनं निवळी फाट्याला वळलो आणि गणपतीपुळ्यात पोचलो तर किनाऱ्यावर दिवाळीच्या सुट्टीची तोबा गर्दी आणि देवमासा नाही. रात्रीतच त्याला ओढून खोल समुद्रात नेलं होतं. आनंदच व्हायला पाहिजे होता आणि झालाही, पण खोटं कशाला बोलू, मन थोडं खट्टू झालं. चार तास गाडी चालवून आलेला माणूस शेवटी स्वार्थीच असतो. त्यानंतर ते पिल्लू मेल्याचीच बातमी आली, ते वेगळं. त्या दिवशी ते कुणालाच माहिती नव्हतं.

एका शहाळेवाल्याला विचारलं नेमकं कुठं होतं. त्यानं हात लांब करून दाखवलं, त्या माडापासून ते त्या होडीपर्यंत धरा. मी दोघांना शहाळी घेतली आणि तेच काढलं. माड, होडी, मध्ये मोकळी वाळू, आणि वाळूवर पेन्सिलनं तुटक रेघांनी एक आकार. खाली लिहिलं, "इथं होता." माझ्या देवमाशांचं पहिलं पान ते. संध्याकाळी साडेसातला ताईच्या दारात, ताटातला दिवा दोनदा विझून परत लावलेला, त्यावर मी जास्त बोलत नाही.

यात एक मजा नंतर कळली. आल्ब्रेख्त ड्यूरर, तो जर्मन चित्रकार, प्राण्यांची आणि गवताची चित्रं काढणारा, तो १५२० मध्ये अँट्वर्पला असताना त्याला बातमी लागली की झीलंडच्या (आताच्या नेदरलँड्समधल्या) किनाऱ्यावर मोठा देवमासा येऊन पडलाय. डिसेंबरची थंडी, तरी हा पठ्ठ्या बोटीत बसून निघाला, वाटेत बोट सुटून वाऱ्याबरोबर भरकटली, मरता मरता वाचला, आणि पोचेपर्यंत भरतीनं देवमासा परत नेलेला. त्या प्रवासाची त्यानं डायरी ठेवली होती, त्यात हे सगळं आहे. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीपासून हे चालू आहे, आमचं भाऊबिजेचं काही विशेष नाही. आणि ह्याच ड्यूररनं त्याआधी १५१५ मध्ये गेंडा न बघता गेंड्याचं चित्र काढलं होतं, नुसतं वर्णन आणि कुणीतरी पाठवलेलं स्केच यावरून. तो गेंडा गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगिजांना दिलेला आणि गोव्यावरनं बोटीत घालून लिस्बनला गेलेला. आपल्याच बाजूचा. चित्रात त्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत आणि मानेवर एक जादाचं शिंग. चूक आहे, पण तेच चित्र पुढं कितीतरी वर्षं युरोपात गेंडा म्हणून चाललं.

तर न बघता काढायचं असेल तर चुका होणारच. माझ्या चुका सांगतो, कारण खरं शिकणं तिथंच झालं.

पहिली चूक मोबाइलवरच्या त्या व्हिडिओवरून काढायला बसलो ही. काढून झाल्यावर बघतो तर भातानं भरलेलं पोतं दिसतंय. मग वाचल्यावर कळलं की वाळूवर आलेल्या देवमाशाला स्वतःचंच वजन सहन होत नाही, आयुष्यभर पाण्यानं उचललेलं अंग, ते जमिनीवर आलं की बसतं, छाती दबते. म्हणजे किनाऱ्यावर जो दिसतो तो देवमाशाचा आकारच नव्हे. मेलेल्याचं तर आणखी उलटं, आत गॅस धरून गळा फुगतो. जुन्या पुस्तकांतले निळे देवमासे म्हणूनच गलेलठ्ठ, बेडकाच्या पिल्लासारखे असायचे, काढणाऱ्यानं बघितलेला तो असलाच. पाण्याखालचे फोटो निघायला लागले तेव्हा कळलं की हा गडी अंगानं चांगला सडपातळ आहे. त्याच्याही आधीच्या काही युरोपियन छाप्यांत तर देवमाशाचा पंख डोळ्याशेजारी, कानासारखा काढलेला आहे. काढणाऱ्यानं विचार केला असेल, एवढं मोठं जनावर, याला कान तर असणारच.

दुसरी चूक शेपटाची, ती सगळेच करतात. माशाचं शेपूट उभं असतं आणि डावी-उजवीकडं हलतं. देवमासा नावाला मासा, पिल्लाला दूध पाजणारं जनावर, त्याचं शेपूट आडवं आणि वर-खाली हलतं. एकदा हे डोक्यात बसलं की पाठीचा बाक आपोआप बरोबर येतो, कारण सगळा जोर पाठीतनं येतोय. तिसरी चूक डोळ्याची. आपण डोळा वर काढतो, कपाळाच्या जागी, आणि देवमासा लगेच लहान पोरांच्या दप्तरावरचा होतो. खरा डोळा खाली असतो, जबड्याच्या कोपऱ्याजवळ, आणि अंगाच्या मानानं इतका बारीक की पहिल्यांदा काढताना आपल्यालाच वाटतं काहीतरी राहिलं.

आता इथं फौंड्री कामाला आली. माझी सवय अशी की कुठलीही गोष्ट आधी स्केलला बसवायची. २७ मीटरचा निळा देवमासा घेतला, एकास शंभर स्केल, म्हणजे कागदावर २७ सेंटिमीटर. वहीची समोरासमोरची दोन पानं मिळून साडेएकोणतीस. बसतोय, पण नाकाला आणि शेपटाला एकेक बोट जागा राहते. त्याच स्केलला आपली केएमटी बस साधारण अकरा-बारा सेंटिमीटर, म्हैस अडीच, आणि मी स्वतः पावणेदोनपेक्षा जरा कमी. डोळा जेमतेम एक-दीड मिलिमीटर, म्हणजे शून्य नंबर ब्रशचं टोक एकदा टेकवलं की संपला. श्वासाचा फवारा मात्र नऊ सेंटिमीटरपर्यंत सरळ वर. मी देवमाशाच्या खाली दोन केएमटी एकामागं एक उभ्या केल्या, त्यातल्या एकीच्या दारात लोंबकळणारा माणूसही काढला. शेजारच्या पोराला ते पान सगळ्यात आवडतं. त्याला देवमाशाचं काही नाही, केएमटीचं आहे.

पण ते पान चित्र म्हणून मेलेलं आहे, हे मलाही कळत होतं. ड्रॉइंग बरोबर, मापं बरोबर, आणि तरी तो पाण्यात नाही. भिंतीला टांगलेला वाटतो. दोन महिने मी निळे रंग बदलत बसलो, अल्ट्रामरीन, इंडिगो, पेन्स ग्रे, काही उपयोग नाही.

मग मार्चमध्ये एका रविवारी सकाळी पंचगंगा घाटावर बसलो होतो, देवळं काढायला. समोर म्हशी पाण्यात. हे दृश्य लहानपणापासनं हजारदा बघितलेलं, त्यामुळं कधी बघितलंच नव्हतं. एक म्हैस पूर्ण बुडालेली, वर फक्त नाकपुड्या, मग मध्ये पाणी, मग लांब पाठीचा एक तुकडा, मग परत पाणी. आणि ती पाठ काळी नव्हतीच! ओली कातडी, वर मोकळं आभाळ, सगळी पाठ निळसर पांढरी चमकत होती, काळा रंग फक्त खाली, पाण्याला लागून, एका पट्टीत. वरची कड एकदम धारदार, खालची कड कुठं संपते आणि पाणी कुठं चालू होतं याचा पत्ता नाही. तिनं फुर्रकन नाक शिंकरलं, तुषार उडाले, उन्हात दिसले आणि गेले. मी देवळं सोडली. त्या दिवशी पंधरा-वीस म्हशी काढल्या, नुसत्या पाठी.

पुढचे चार रविवार तेच. तिथला एक गवळीमामा रोज बघायचा, शेवटी मागं येऊन उभा राहिला, "काय करायलाय ओ?" म्हणलं देवमासा काढायलोय. त्यानं वहीकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणला, "आमची म्हस हाय ती."

तर सांगायचा मुद्दा हा की देवमासा अख्खा काढायचाच नाही. समुद्रात तो अख्खा कुणाला दिसतोच कुठं? आधी फवारा दिसतो, आणि तो फवारा म्हणजे पाण्याचं कारंजं नव्हे, आत दाबून धरलेला गरम श्वास बाहेर येऊन त्याची वाफ होते. मग डोक्यावरचा उंचवटा, मग पाठ, पाठ, पाठ, संपतच नाही, आणि निळ्या देवमाशाचा पाठीवरचा पंख इतका मागं आणि इतका किरकोळ की फवारा विरून गेल्यावर कधीतरी तो येतो. नशीब असेल तर शेवटी शेपूट. मी एका पानाच्या आडव्या चार पट्ट्या केल्या आणि एकेक टप्पा काढला, तेव्हा पहिल्यांदा बायको म्हणाली, हां, हा पाण्यात आहे. स्पर्म व्हेल असेल तर फवारा सरळ नाही, नाकपुडी एकच आणि ती डोक्याच्या पुढच्या टोकाला डावीकडं, त्यामुळं फवारा पुढं आणि डावीकडं तिरका. हे एवढं बरोबर काढलं तर खाली नाव लिहायची गरज नाही.

रंगांचं थोडं सांगतो, मेसेज करून विचारणारे दोघंतिघं आहेत. काळा रंग वापरू नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो राखाडी होतो तो घ्या, निळ्याकडं झुकवायचा की तपकिरीकडं हे आपल्या हातात राहतं, आणि अल्ट्रामरीनचे कण खडबडीत कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यानं कातडीचा पोत फुकटात मिळतो. निळ्या देवमाशाच्या अंगावर फिकट डाग डाग असतात, त्यासाठी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट हात, अर्धवट ओला असताना चिमूटभर खडे मीठ टाकायचं, वाळल्यावर झटकायचं. मीठ स्वयंपाकघरातलं, विचारून घ्या. गळ्याखालच्या रेघा हनुवटीपासून बेंबीपर्यंत जातात, त्या पट्टीनं ओढू नका, त्या घड्या आहेत, तोंडात पाणी घेताना पेटीच्या भात्यासारख्या उघडतात, त्यामुळं पोटाच्या गोलाईबरोबर वळल्या पाहिजेत. आणि चमक म्हणजे कागद सोडणं. पांढरा रंग मी फक्त फवाऱ्याला वापरतो, तोही नंतर बोटानं पुसून.

आपल्या गावात हे नवीन नाही म्हणा. अबालाल रहिमान मुंबईला जे. जे. मध्ये शिकून आलेले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार, आणि त्यांनी काढलं काय तर रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगा. तेच पाणी, वेगवेगळ्या वेळचं. त्यांच्याशी माझी तुलना करायला मी काही खुळा नाही, पण पाणी शिकायचं तर घाटावर बसावं लागतं हे त्यांच्याकडं बघून आधीच कळायला पाहिजे होतं, मला म्हशीनं शिकवलं.

यावर्षी जानेवारीत मालवणला गेलो, येताना वाकडी वाट करून रत्नागिरीला. झाडगावच्या मत्स्य संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, तो बघायचा होता. माझी बावीस पावलं भरली या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन तास बसून जबड्याची कमान आणि फासळ्या काढल्या, तिथली शाळेची ट्रिप माझ्यावरनं दोनदा गेली. देवमाशाच्या पंखाच्या आत हाताचीच हाडं असतात, दंडाचं एक आखूड, मग दोन, मग बोटांची पेरं. वरनं वल्ह्यासारखा दिसणारा पंख आतून हात आहे हे कळल्यावर तो कोपरात मोडत नाही, खांद्यातनं फिरतो, हेही काढताना लक्षात राहतं.

मालवणच्या बोटवाल्याला विचारलं होतं, देवमासा कधी दिसलाय का. म्हणाला, "देवमासो बघूक नशीब व्हया." आहेत मात्र ते आपल्या समुद्रात. २०१५ मध्ये कुणकेश्वरच्या समोर अभ्यासकांना निळे देवमासे दिसले होते, आणि त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक किनाऱ्यावर येऊन मेला, ४२ फुटी. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती लुबान. हंपबॅक जातीची मादी, अरबी समुद्रातले हंपबॅक बाकीच्यांसारखे ध्रुवाकडं ये-जा करत नाहीत, इथंच राहतात, आणि ओमानच्या बाजूला शंभराच्या आतच उरलेत असा अंदाज आहे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ओमानजवळ हिच्या अंगावर सॅटेलाइट टॅग लावला आणि ही बया अख्खा अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली, खाली खाली जात कन्याकुमारीला वळसा घालून मन्नारच्या आखातापर्यंत. लुबान म्हणजे अरबीत ऊद, धूप. मी दोन पानांवर नकाशा काढला, तुटक रेघेनं तिची वाट, आणि कोपऱ्यात तिचं शेपूट. हंपबॅकच्या शेपटाची खालची बाजू प्रत्येकाची वेगळी असते, काळ्या-पांढऱ्याचं ते नक्षीकाम बघून अभ्यासक एकेकाला ओळखतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं. त्यामुळं ते मनानं काढायचं नसतं. मी पहिल्यांदा मनानं काढलं होतं, छान दिसतंय म्हणून. मग लक्षात आलं की हे म्हणजे कुणाच्या तरी फोटोवर दुसऱ्याचं तोंड चिकटवल्यासारखं झालं. ते पान फाडलं.

लोकांना मात्र एकच पडलेलं असतं. देवमासा म्हणलं की, "उलटी केवढ्याला जाते ओ?" पेपरात दर थोड्या दिवसांनी कुणीतरी अंबरग्रीस, म्हणजे हीच 'उलटी', विकताना पकडल्याची बातमी असतेच, त्यामुळं कोल्हापुरात देवमासा म्हणजे कोट्यवधीचा माल असा समज पक्का. ती उलटी नव्हे, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा गोळा आहे, तो खातो त्या माखल्यांच्या (स्क्विडच्या) चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती धरलेला, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी माझी वही बघून हळू आवाजात विचारलं, ओळख आहे का कोकणात. म्हणलं काका, शहाळेवाल्याची आहे.

आत्ता बारावं पान टेबलावर आहे. देवमाशाची पाठ, नुसती, दोन पानांच्या आरपार, डोकं डावीकडं पानाबाहेर, शेपूट उजवीकडं पानाबाहेर. मोठा वॉश काल रात्री मारलाय आणि जुलैचा पाऊस धो धो पडतोय, हवेत इतकी ओल की सोळा तास झाले तरी कागद गारच लागतोय, मीठ विरघळून त्याचं पाणी झालंय. हेअर ड्रायर बायकोनं कुठं ठेवलाय ते सांगत नाही, कारण मागच्या वेळी त्याला निळा हात लागला होता.